नागपुरातलं घर पाहुण्यांना देताय? नुकसान, भरपाई आणि मॅनेजरचा हिशेब

मुलं पुण्याला, बंगळुरूला नाहीतर अमेरिकेत, आईवडीलही त्यांच्याकडे गेलेले, आणि बजाजनगरचा किंवा मनीषनगरचा फ्लॅट कुलूपबंद. अशी घरं नागपुरात गल्लोगल्ली आहेत. त्यातली बरीच आता होमस्टे म्हणून पाहुण्यांना दिली जातात. गिऱ्हाइकाला इथे तोटा नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर देशभरातून माणसं येतात. मिहानमधल्या एम्समध्ये पेशंट घेऊन आलेले नातेवाईक, ताडोबा-पेंचला जाताना एक रात्र थांबणारे, जामठ्याच्या मॅचला आलेले, आणि लग्नसराईतली वऱ्हाडं तर आहेतच.

पैसे येतात, पण वस्तूही मोडतात. नव्या घरमालकांचा पहिला वाद बहुतेक वेळा इथेच होतो, आणि तो पाहुण्यापेक्षा, तुमच्या माघारी घर सांभाळणाऱ्या मॅनेजरशी जास्त होतो. हा लेख त्या नव्या मालकांसाठी, त्यातही घरापासून लांब राहणाऱ्यांसाठी आहे. मला यात एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. भरपाई पुराव्यावर मिळते, आणि तुमच्या घराचा तो पुरावा मॅनेजरच्या मोबाइलमध्ये पडून असतो. तो दर वेळी तुमच्या हाती येईल अशी व्यवस्था पहिल्या दिवशीच करा. त्यानंतरची कामं त्यामानाने सोपी आहेत.

आधी परवानगी

नागपुरातल्या बऱ्याच इमारती सहकारी सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. तुमची तशी असेल तर डीड ऑफ डिक्लरेशन काढून वाचा. घर कशासाठी वापरता येईल हे त्यात लिहिलेलं असतं. सोसायटी असेल तर कमिटीचं पत्र घ्या. पर्यटन संचालनालयाची न्याहारी-निवास योजना आहे, त्यात नोंदणी करता येते का ते बघा. खालच्या मजल्यावरच्या काकांना तुमच्याकडून आधी कळलं पाहिजे. भांडण झालं, आवाज झाला, तर पहिला फोन तेच करणार आहेत, आणि तो फोन पोलिसांना न जाता तुम्हाला यावा.

यादी: एक पूर्ण दिवस द्या

पहिला पाहुणा येण्याआधी एक अख्खा दिवस या कामाला ठेवा. दारापासून सुरुवात करून मोबाइलवर सलग एक व्हिडिओ काढा. बोलत बोलत काढा: ही बैठक, हा सोफा, याला डाग नाही, हा टीव्ही चालू करून दाखवतो, हा रिमोट. आलमाऱ्या आतून दाखवा. गादीवरची चादर काढून गादी दोन्ही बाजूंनी दाखवा. नळ सोडा, फ्लश करा, गीझरचा दिवा लागतो ते दिसू द्या.

मग वस्तूंची यादी करा. वस्तू, खरेदीचं वर्ष, किंमत, बिल आहे की नाही, एवढे रकाने पुरतात. बिलं फोटो काढून एका फोल्डरमध्ये टाका. बिल नसेल तर आज तशीच वस्तू बाजारात कितीला मिळते त्याचा स्क्रीनशॉट जोडा. गांधीबागेतून घेतलेल्या पडद्यांचं साधं हस्तलिखित बिलसुद्धा कामाला येतं, ते फेकू नका.

यानंतरचं काम दर चेक-आउटला होणारं आहे. घरात दहा-बारा जागा ठरवा आणि प्रत्येक पाहुणा गेल्यावर त्याच जागांवरून, त्याच कोनातून फोटो काढायला सांगा. बैठकीचा दारातून, ओट्याचा खिडकीकडून, गादीचा चादर काढून, बेसिनचा वरून, बाल्कनीच्या दोन्ही कोपऱ्यांचा, कूलरच्या टाकीचा, रिमोटचा. जागा बदलत राहिल्या तर फोटो असूनही तुलना करता येत नाही. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवला की समोरच्याला फार समजावून सांगावं लागत नाही. हे फोटो तुमच्या मालकीच्या शेअर्ड फोल्डरमध्ये चढले पाहिजेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो दाबून लहान केला जातो, त्यावरची मूळ तारीख-वेळही निघून जाते, म्हणून त्यावर विसंबू नका.

मॅनेजर निवडताना

नागपुरात तीन तऱ्हेचे लोक भेटतात. एक, महिन्याच्या पगारावरचा केअरटेकर. तो चावी देतो, सफाई करून घेतो, बाकी डोकं तुम्हालाच चालवावं लागतं. दुसरा, टक्केवारीवर सगळं बघणारा मॅनेजर. तिसरा तुमचं घर ठरलेल्या भाड्याने घेतो आणि आपल्या नावावर पाहुण्यांना देतो. या तिसऱ्याशी लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणी करूनच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ ती जबाबदारी घरमालकावर टाकतं. पाहुण्यांना घर देण्याची परवानगी त्या करारात स्पष्ट लिहा, आणि सगळ्या मोडतोडीची जबाबदारी त्याची असंही लिहा.

टक्केवारीवाल्याला भेटाल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: "मागच्या वेळी तुम्ही सांभाळता त्या घरात काय तुटलं होतं, आणि तुम्ही काय केलं?" ज्याने खरंच घरं सांभाळली आहेत तो लगेच सांगतो. काच फुटली होती, पाहुण्याला मेसेज केला, इतके मिळाले, इतके नाही मिळाले. "आपल्याकडे असं काही होतच नाही जी, टेन्शन नका घेऊ" असं उत्तर आलं तर मी त्या माणसाला घर देणार नाही. पाहुणे येतात तिथे वस्तू तुटतातच. ज्याला एकही आठवत नाही तो बघत नाही, किंवा मालकाला सांगत नाही.

तोंडी व्यवहार ओळखीतल्याशी असला तरी करू नका. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा करारांना १०० रुपयांचा स्टॅम्प चालत नाही, ५०० चा लागतो. दोन पानांत पुढच्या गोष्टी बसतात.

लिस्टिंग, म्हणजे एअरबीएनबीसारख्या बुकिंग प्लॅटफॉर्मवरची तुमच्या घराची नोंद, तुमच्या नावाच्या खात्यावर हवी आणि मॅनेजर त्यात को-होस्ट, म्हणजे मदतनीस. पैसे थेट तुमच्या बँकेत यावेत, त्याची टक्केवारी तुम्ही द्यावी. उलटं केलंत तर रिव्ह्यू, पाहुण्यांची नोंद, भरपाईची विनंती, सगळं त्याच्या हातात जातं. तो निघून गेला की तुम्ही पुन्हा शून्यावर येता.

टक्केवारी कशावर, तेही लिहा. पाहुण्याने भरलेल्या रकमेवर, की प्लॅटफॉर्मचं कमिशन आणि सफाई वजा जाऊन उरलेल्यावर? कोणी १५ टक्के मागतं, कोणी २५. आकडा लहान दिसतो म्हणून भुलू नका, आधी तो कशाचा आहे ते बघा. भरपाईच्या पैशांवर त्याची टक्केवारी नाही, हे वेगळं वाक्य घाला.

चेक-आउटनंतर २४ तासांत फोटो चढवायचे आणि नुकसान कळवायचं. वेळेत न कळवल्यामुळे भरपाई बुडाली तर तो खर्च मॅनेजरचा. या एका कलमाने अर्धे वाद सुरूच होत नाहीत.

न विचारता किती खर्च करता येईल त्याची मर्यादा ठरवा. दोन हजार रुपये माझ्या मते पुरतात. रात्री अकराला नळ फुटला तर प्लंबरसाठी तुमची वाट बघत बसायला नको. त्यावरच्या प्रत्येक खर्चाला आधी फोटो, मग अंदाजपत्रक, मग तुमचा होकार.

सफाई करणाऱ्या मावशींच्या पगारातून पाहुण्यांची मोडतोड कापायची नाही, हेही लेखी घ्या. असं कापलं जातं, मी पाहिलं आहे. एका घरात फुटलेल्या आरशाचे पैसे मावशींच्या महिन्यातून गेले, आणि पाहुण्याकडे कोणी साधी विचारणासुद्धा केली नव्हती. हा अन्याय तर आहेच, पण त्यानंतर त्या घरात काही तुटलं की मावशी गप्प बसू लागल्या. तुमच्या घरातलं नुकसान सगळ्यात आधी बघणारं माणूस म्हणजे मावशी. त्यांनी निर्धास्तपणे सांगावं असं वाटत असेल तर त्यांचा पगार सुरक्षित ठेवा, आणि नुकसान कळवल्याबद्दल वर थोडे पैसे द्या.

कोण येतंय

माझ्या अनुभवात एम्समध्ये पेशंट असलेली कुटुंबं घर सगळ्यात जपून वापरतात. सकाळी डबा करतात, दिवसभर दवाखान्यात असतात. सगळ्यात जोखमीचं बुकिंग म्हणजे नागपुरातल्याच पत्त्यावरून, शनिवारी, एका रात्रीसाठी, ऐनवेळी आलेलं. दोघांचं बुकिंग असतं आणि रात्री दहाला बारा पोट्टे वर चढतात. गावातल्या प्रत्येक माणसाला नाही म्हणा असं मी सांगणार नाही. घरी पाहुणे जास्त झाले म्हणून खोली शोधणारेही असतात. पण अशा बुकिंगला आधी फोन करा, येण्याचं कारण विचारा, माणसं किती ते लेखी घ्या.

ओळखपत्र फक्त बुकिंग करणाऱ्याचं नको, प्रत्येक प्रौढाचं हवं. आधार देत असतील तर नंबर झाकलेलं मास्क्ड आधार मागा, त्याने काम भागतं आणि त्यांनाही बरं वाटतं. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती सरकारला देणारा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म-सी) २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावा लागतो. हे मॅनेजरवर सोपवलंत तरी भरल्याची प्रत स्वतः बघा.

कॅमेऱ्याबद्दल विचारणारे बरेच असतात. घराच्या आत कॅमेरा लावू नका. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून आतले कॅमेरे पूर्ण बंद केले आहेत, आणि तसं नसतं तरी कुणाच्या निजायच्या खोलीत डोकावण्याचा आपल्याला अधिकार नाही. दाराबाहेर लावा आणि लिस्टिंगमध्ये तसं स्पष्ट लिहा.

ओळखीतून, फोनवरून आलेल्या थेट बुकिंगला अनामत घ्या. तीन ते पाच हजार, यूपीआयने, घर सोडल्यावर तपासून त्याच दिवशी परत. सोबत एक मेसेज पाठवा आणि त्यावर "मान्य" असं उत्तर आल्याशिवाय चावी देऊ नका: किती माणसं, कधीपर्यंत, आणि कोणती वस्तू मोडली तर साधारण किती. "एक डाग दिसला तर दहा हजार" असले आकडे लिहू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो तसाच मिळत नाही, त्या आकड्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. प्लॅटफॉर्मवरून आलेल्या पाहुण्याकडून बाहेरच्या बाहेर रोख अनामत मागू नका. नियम मोडतो आणि पुढे भरपाई मागताना तोच मुद्दा आपल्यावर येतो.

नुकसान दिसलं, आता काय

काहीही पुसू नका, उचलू नका. मावशींना हे पहिल्या दिवशीच शिकवा, कारण चांगलं काम करणारी बाई आधी झाडू हातात घेते. आधी खोलीचा लांबून फोटो, मग वस्तूचा, मग तुटलेल्या भागाचा जवळून. भेग किंवा डाग किती मोठा ते कळावं म्हणून शेजारी पट्टी ठेवा.

मग पाहुण्याला मेसेज करा. फोन नको, प्लॅटफॉर्मच्या चॅटमध्येच. सुरुवात आरोपाने करू नका. असा काही:

"नमस्कार, तुमचा प्रवास नीट झाला असेल अशी आशा आहे. सफाई करताना बेडरूममधल्या आरशाला तडा गेलेला दिसला. तुम्ही येण्याच्या दिवशीचा आणि आजचा फोटो सोबत पाठवतो आहे. हे कसं झालं ते कळवाल का?"

पुष्कळ लोक यावर खरं सांगतात. "हो, मुलाचा धक्का लागला, किती द्यायचे?" असं उत्तर आलं की अर्धं काम झालं. "रिव्ह्यू खराब देईन" अशी धमकी कधीही लिहू नका. ती तुमच्याच खात्यावर उलटते. पाहुण्याची बॅग, आधार कार्ड, गाडीची चावी अडवून ठेवणं तर बिलकूल नाही.

एअरबीएनबीवर भरपाईची विनंती पाहुण्याने घर सोडल्यापासून १४ दिवसांत टाकावी लागते. विनंती आधी पाहुण्याकडे जाते. त्याने २४ तासांत पैसे दिले नाहीत किंवा नकार दिला, तर ती कंपनीकडे नेता येते. १४ दिवस पुष्कळ वाटतात, पण मॅनेजरने आठ दिवस सांगितलंच नाही आणि सुतार चार दिवस आला नाही की संपले. म्हणून चेक-आउटनंतर दुसऱ्या दिवशीच कारागिराकडून लेटरहेडवर अंदाजपत्रक घ्या.

किती मागायचं? नव्या वस्तूची पूर्ण किंमत मागाल तर पाहुणा चिडतो आणि प्लॅटफॉर्मही कापतो. गादी १२,००० ची, साधारण आठ वर्षं टिकणारी, तीन वर्षं वापरलेली. उरली पाच वर्षं. १२,००० चे आठ भाग केले तर त्यातले पाच, म्हणजे ७,५००. हा हिशेब मेसेजमध्ये लिहून पाठवा. हिशेब दिसला की भाव करणारेही पैसे देतात.

काय मागायचंच नाही, तेही ठरवा. एक ग्लास फुटला, कपाचा कान गेला, सोफ्याच्या हाताचा रंग उडाला. ही वापराची झीज आहे, ती भाड्यातच धरा.

डाग आणि कूलर

नागपुरात दोन डाग ठरलेले: सावजीचा आणि तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा.

सावजीच्या रश्शाचा डाग म्हणजे तेल आणि हळद. चादरीवर पडला तर आधी भांडी घासायच्या लिक्विडने तेल काढा. साबण लागल्यावर हळद लालभडक होते, तेव्हा घाबरून घासत बसू नका. धुवा आणि ओल्यानेच कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाने उडतो, आणि उन्हाची आपल्याकडे कमी नाही. दोन-तीन उन्हं दाखवली की बहुतेक चादरी वाचतात. अशा चादरीचे पैसे मागणं मला पटत नाही, धुलाईचे मागा. कापडी सोफ्यावर मात्र हे जमत नाही. म्हणून बैठकीत धुता येणारं कव्हर आणि जेवणाच्या टेबलावर प्लास्टिकचं पांघरूण ठेवा.

खर्ऱ्याचा डाग बेसिनमध्ये आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात सापडतो. चिनी मातीच्या बेसिनवर ब्लीच पावडरची पेस्ट अर्धा तास ठेवली की तो निघतो. संडासात टाकायचं अ‍ॅसिड संगमरवर, कडप्पा किंवा मोझेकवर टाकू देऊ नका. डाग जातो आणि दगडही खरवडला जातो. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र तर कधीच नाही, त्यातून विषारी वायू निघतो. सफाईवाल्या मावशींना हे स्पष्ट सांगा. बाल्कनीत झाकणाचा डबा ठेवा, त्याने जितका फरक पडतो तितका "थुंकू नये" या पाटीने पडत नाही.

आता कूलर. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा पाहुणा रात्रभर कूलर चालवतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला टाकीत पाणी भरावं लागतं हे ठाऊक नसतं. टाकी कोरडी पडते, पंप तसाच फिरत राहतो आणि जळतो. मॅनेजर म्हणतो पाहुण्याने जाळला, पाहुणा म्हणतो आम्ही फक्त बटण दाबलं. इथे पाहुण्याचं बरोबर आहे. तुम्ही सांगितलंच नसेल तर त्याच्याकडून पंपाचे पैसे मागू नका. कूलरला नळाची जोडणी करून टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारा फ्लोट व्हॉल्व्ह बसवून घ्या, बटणाजवळ मराठी, हिंदी आणि इंग्रजीत दोन ओळींचं स्टिकर लावा, आणि मार्चअखेरीस कूलरच्या ताट्या (बाजूच्या, पाण्याने भिजणाऱ्या जाळ्या) बदलताना जादा पंप घरात आणून ठेवा.

मॅनेजरवर शंका आली तर

पुढच्या खुणा दिसल्या की हिशेब मागा. दुरुस्तीची बिलं नेहमी गोल आकड्याची आणि नेहमी एकाच माणसाची. फोटोत खिडकीबाहेर पाऊस, आणि महिना चालू आहे मे. गिझर वर्षात तिसऱ्यांदा दुरुस्त, पण जुना सुटा भाग कधी दाखवला नाही. बदललेला प्रत्येक भाग घरातच एका खोक्यात ठेवायला सांगा.

सगळ्यात खरं बोलतं ते विजेचं मीटर. कॅलेंडरवर दहा दिवस घर रिकामं आहे आणि युनिटं भरल्या घरासारखी पडली आहेत, म्हणजे कोणीतरी राहून गेलं. स्मार्ट मीटर बसला असेल तर महावितरणच्या अ‍ॅपवर रोजचा वापर दिसतो. महिन्यातून एकदा तो आणि बुकिंगचं कॅलेंडर समोरासमोर ठेवा. गेटवरच्या रजिस्टरशीही ताडून बघा. तुमच्या माघारी ठेवलेल्या माणसांनी केलेल्या नुकसानीची भरपाई प्लॅटफॉर्मकडून मागता येत नाही, कारण कागदावर तिथे कोणी नव्हतंच.

बोलताना आवाज चढवू नका, आणि बोलणं झालं की त्याच संध्याकाळी ते ई-मेलवर लिहून पाठवा. करार कायद्याच्या कलम २१३ प्रमाणे मालकाने मागितला की हिशेब देणं एजंटवर बंधनकारक आहे. १५ दिवसांची मुदत द्या. नाही आला तर वकिलाची नोटीस. पोलीस ठाण्यात गेलात तर पैशांचा वाद ही दिवाणी बाब आहे असं सांगितलं जाईल, आणि ते बरोबरच आहे. चोरी झाली असेल, किंवा कोणी जाणूनबुजून मोडतोड केली असेल, तर गोष्ट वेगळी. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ त्यासाठी आहे. चुकून लागलेला धक्का त्यात बसत नाही.

विम्याचं एक वाक्य: भारत गृह रक्षा किंवा कोणतीही घराची पॉलिसी असेल, तर घर पाहुण्यांना देता हे कंपनीला लेखी कळवा आणि ते चालतं का याचं उत्तरही लेखी घ्या.

मॅनेजर बदलायचाच ठरला तर नोटीस पाठवायच्या दिवशीच को-होस्टचा प्रवेश काढा, पण आधी झालेली बुकिंगं कोण सांभाळणार ते ठरवून. चाव्या मोजून घ्या, तरीही कुलपाचा सिलिंडर बदला. वायफायचा पासवर्ड, डिजिटल कुलपाचा कोड, गेटवरच्या चौकीदाराकडे दिलेला फोन नंबर, गॅस एजन्सीकडचा नंबर, सगळे बदला. येणाऱ्या पाहुण्यांना नव्या माणसाचं नाव आणि नंबर आदल्या दिवशी कळवा. आणि नव्या मॅनेजरला चावी देण्याआधी तो दारापासूनचा व्हिडिओ पुन्हा एकदा काढा, या वेळी त्याला सोबत घेऊन.